उलट्या खुर्चीतली पाळी

त्या वाचनमंडळात नवा माणूस आला की त्याला सगळ्यात आधी उलटी खुर्ची दाखवायचे. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर बाकीच्या खुर्च्या गोल मांडलेल्या असायच्या आणि ही एकटी सगळ्यांकडे पाठ करून, रुसून बसलेल्या पाहुणीसारखी. दर महिन्याला एक पुस्तक आणि दर महिन्याला एक जण त्या खुर्चीत. त्याने पुस्तकाविरुद्ध बोलायचं. आवडलं असेल तरी विरुद्ध, वाचताना डोळ्यांतून पाणी आलं असेल तरी विरुद्ध. पाठ करून बसवायचं कारण एवढंच, की कोण मान डोलावतंय आणि कोण आठ्या घालतंय हे त्याला दिसू नये. समोरची तोंडं बघून माणूस बोलणं बदलतो. पुस्तक लिहिणारा हजर असेल तर तो तेवढा समोर बसायचा. त्याने मध्ये तोंड उघडायचं नाही, शेवटी "ऐकलं" एवढाच शब्द म्हणायचा. उत्तर काय द्यायचं ते पुढच्या महिन्यात.

"दात काढताना पेशंट वाद घालायला लागला तर कसं व्हायचं?" मंडळ सुरू करणारे दातांचे डॉक्टर म्हणायचे. त्यांनी दवाखाना बंद केला त्याला बरीच वर्षं झाली होती, पण समोरच्याच्या डोळ्यांऐवजी दातांकडे बघत बोलायची सवय काही गेली नव्हती.

आणखी एक नियम ग्रंथपाल बाईंनी घातलेला होता आणि तो त्या टेबलावरची घंटी वाजवून पाळायला लावायच्या. पुस्तकाबद्दल बोला, लिहिणाऱ्याच्या घराबद्दल नाही.

या खुर्चीत शोभायच्या त्या मावशी. चौकात जिन्याखाली त्यांचं अल्टरेशनचं दुकान. दुकान म्हणजे एक मशीन, एक इस्त्री, एक उभा आरसा आणि गिऱ्हाइकाला आडोसा म्हणून पडदा. पँट आखूड करायची, कोटाची चेन बदलायची, वजन वाढलेल्याची कंबर सैल करायची आणि उतरलेल्याची आत घ्यायची. नवं काही शिवायच्या नाहीत. "नवं शिवणारे पुष्कळ आहेत. बिघडलेलं सरळ करायला कुणी हवं की नको?" नवरा गेला तेव्हा मुलगा शाळेत होता. त्या मशीनवर त्यांनी त्याला वाढवला, लिफ्टदुरुस्तीचं शिकवलं, लग्न करून दिलं, आणि एवढ्या सगळ्यात सकाळ-संध्याकाळ देवाचं नाव घ्यायचं चुकवलं नाही. दुःखात सगळेच घेतात, त्यात मोठेपणा नाही. मावशींनी दिवस बरे आले तेव्हाही सोडलं नाही.

मंडळात त्या आल्या त्या पडद्यांच्या निमित्ताने. ग्रंथालयाचे पडदे जमिनीवर लोळत होते, म्हणून माप घ्यायला वर गेल्या, तर चर्चा चाललेली. तोंडात टाचण्या धरून ऐकत राहिल्या. कुणीतरी एक पान वाचून दाखवलं आणि त्यांना राहवलं नाही. टाचण्या हातात काढून म्हणाल्या, "अहो, पण त्या भावाने दार उघडलंच नाही! तुम्ही सगळे उघडलं उघडलं काय म्हणताय?"

"पुढच्या प्रकरणात उघडतो, मावशी," डॉक्टर म्हणाले, आणि सगळी खोली हसली. मावशीही हसल्या. जाताना ते पुस्तक घरी घेऊन गेल्या आणि पुढच्या महिन्यात येऊन म्हणाल्या, भावाने दार उघडलं खरं, पण फार लवकर उघडलं. तेव्हापासून त्या मंडळाच्याच झाल्या. कापड ओढून बघितल्याशिवाय टीप कुठे कच्ची आहे ते कळत नाही, तसंच पुस्तकाचं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांचं नाव पडलं उसवणमावशी. कधी चुकायच्या, कधी उगाच ताणायच्या, पण गोड कधी बोलल्या नाहीत. उलट्या खुर्चीतली पाळी उजवीकडून पुढे सरकायची आणि मावशींची आली की लोक मुद्दाम वेळेवर यायचे.

या वेळीही ती सरकली ती त्यांच्यावरच येऊन थांबली, आणि पुस्तक होतं त्यांच्या सुनेचं.

ते असं झालं. शहरात दरवर्षी साहित्याचा आठवडा भरायचा. बागेत पुस्तकांचे तंबू, बसथांब्यावर कविता वाचणारे, कॉलेजच्या पोरांची नाटकं आणि नगरसभागृहात भाषणं. त्यात छापखानेवाले काका एका नव्या लिहिणाऱ्याचं पुस्तक काढायचे, पण काढण्याआधी ते लोकांसमोर वाचलं जावं, अशी त्यांची अट. झेरॉक्स प्रती काढून मंडळाला द्यायचे, मंडळ सभागृहाच्या व्यासपीठावर चर्चा करायचं आणि त्यातून पार पडलं तर आठवडा संपता संपता पुस्तक छपाईला. सुनेची कादंबरी निवडली गेली तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. मुलाने कामावरच्या सगळ्यांना सांगितलं. मावशींनी देवापुढे हात जोडले. मग ग्रंथपाल बाईंचा फोन आला.

"मावशी, पाळी तुमची आहे. पण घरातलंच पुस्तक, म्हणून डॉक्टर म्हणतायत की मी बसतो तुमच्याऐवजी."

मावशींनी फोन छातीशी धरला आणि सुनेकडे बघितलं. सून दुकानात आली होती, कापडाच्या ढिगावर बसून काज-बटणं करत होती.

"डॉक्टर बसतायत माझ्याऐवजी. बसू देत?"

"नाही," सून म्हणाली. सुई चालू ठेवूनच म्हणाली. "तुम्हीच बसायचं, आई. आणि गोड बोलायचं नाही. तुम्ही गोड बोललात तर सगळ्यात आधी मला कळेल."

झालं. मावशी अडकल्या त्या तेव्हापासून.

कारण मावशींना ती कादंबरी झेरॉक्स होण्याआधीपासून ठाऊक होती. दुपारी गिऱ्हाईक नसलं की सून पानं घेऊन दुकानात यायची, स्टुलावर बसून वाचून दाखवायची आणि मावशी तुरपाई करता करता ऐकायच्या. एका बाईची गोष्ट. नवरा बरा, मारणारा नाही, पिणारा नाही. घर बरं. आणि एक दिवस ही बाई शेजारी किल्ली ठेवून निघून जाते, समुद्रकाठच्या कुठल्याशा गावात शाळेच्या स्वयंपाकघरात काम धरते. शेवटी नवरा शोधत येतो. ती त्याला चहा देते, त्याच्या कोटाचं लोंबणारं बटण शिवून देते, बसथांब्यापर्यंत सोबत जाते आणि बस गेल्यावर परत फिरून आपल्या खोलीकडे चालायला लागते. तो शेवट सुनेने वाचला तेव्हा मावशींच्या हातातली सुई थांबली. त्या उठल्या, काही न बोलता मागच्या खोलीत गेल्या आणि देवासमोर बसून राहिल्या. बाहेर आल्या तोवर एक गिऱ्हाईक पँट घेऊन उभं होतं आणि त्यावर बोलायचं राहून गेलं.

मग झेरॉक्स प्रत हातात आली. मावशी शेवट नेहमी दोनदा वाचायच्या. गाठ शेवटीच मारतात, ती पक्की नसली तर सगळी टीप सुटत जाते. पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं पानं खालीवर झाली असतील. दुसऱ्यांदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. बाई पिशवी भरते आणि नवऱ्याबरोबर बसमध्ये चढते. बस सुटते. संपलं.

"शेवट का गं बदललास?" त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"असाच. लोकांना बरं वाटेल." सुनेने मान वर केली नाही.

आता सून असं बोलणारी नव्हती. लोकांना बरं वाटावं म्हणून ती भाजीसुद्धा अळणी करायची नाही. मावशींच्या डोक्यात चक्र सुरू झालं. मग त्यांना आठवलं, मागे जेवताना मुलगा हसत हसत म्हणाला होता, "लिफ्टवाल्याची बायको नवरा सोडून पळायच्या गोष्टी लिहिते म्हणे! आमच्या वर्कशॉपमध्ये मला बाहेर काढतील." सगळे हसले होते, सूनही हसली होती. पण त्यानंतरच शेवट बदलला, असं मावशींना वाटायला लागलं. एकदा वाटायला लागल्यावर सुतावरून स्वर्ग गाठायला किती वेळ लागतो?

त्यांनी मुलालाही चाचपून बघितलं. तो हाताचं ग्रीस साबणाने खरवडून काढत होता.

"वाचलीस का रे तिची कादंबरी?"

"वाचतोय."

"शेवट वाचलास?"

"आई, मला त्यातलं काय कळतंय? तुमचं तुम्ही बघा." आणि टॉवेल घेऊन आत गेला.

चोराच्या मनात चांदणं, मावशी मनात म्हणाल्या. मुलगा आपलाच, पण चूक ती चूक. पोरगी दोन वर्षं स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभं राहून लिहिते, आणि याला चार मित्र हसतील म्हणून शेवट बदलायचा?

पण बोलायचं कसं? इकडे आड, तिकडे विहीर. खुर्चीत बसून शेवटाबद्दल बोललं तर सभागृहात मुलाची शोभा होणार आणि घरी नवरा-बायकोत ठिणगी पडणार. तीसुद्धा आईने टाकलेली. नाही बोललं, तर पुस्तक तसंच छापलं जाणार, एकदा छापलं की कायमचं, आणि ते बरोबर नाही हे जाणणारी एकटी बाई पाठ करून बसून पात्रं फार आहेत, पाऊस फार आहे असलं काहीतरी बोलून घरी येणार. त्या आठवड्यात मावशींनी एकाची बाही दुसऱ्याच्या मापाने कापली. पस्तीस वर्षांत असं झालं नव्हतं. रोज देवाला म्हणत, शब्द तूच दे, माझ्या जिभेवर माझा भरवसा नाही. देव काही बोलला नाही. देव बहुधा अशा वेळी माणसाच्या जिभेवरच सोपवतो.

सभेच्या दुपारी तिघं मिळून निघाली. सुनेने साधे निळे कपडे घातले होते आणि ती हाताची बोटं सारखी एकमेकांत अडकवत होती. मुलाने इस्त्रीचा शर्ट घातला होता, तोही स्वतःहून. बागेतल्या तंबूंमधून लोक पिशव्या भरभरून पुस्तकं घेऊन जात होते. कोपऱ्यावर एक मुलगी मोठ्याने कविता वाचत होती आणि एक कुत्रं तिच्या पायाशी झोपलं होतं.

"बघ, कवितेला एक तरी श्रोता आहे," मुलगा म्हणाला. कुणी हसलं नाही.

सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत छापखानेवाले काका, मांडीवर झेरॉक्स प्रत, कानावर पेन्सिल. मुलगा तिसऱ्या रांगेत बसला, त्याच्या शेजारी वर्कशॉपमधले दोघं. व्यासपीठावर गोल नव्हता, अर्धगोल होता, आणि मधोमध उलटी खुर्ची, लोकांकडेही पाठ आणि मंडळाकडेही. तिच्यासमोर, लोकांकडे तोंड करून, सुनेची खुर्ची.

आधी बाकीचे बोलले. डॉक्टरांनी स्तुती केली, दाताची उपमा एकदाच दिली. एका निवृत्त शिक्षिकेने भाषेबद्दल बोलून टाळ्या घेतल्या. आणखी दोघं बोलले, त्यांनीही बरंच म्हटलं. शेवटाबद्दल मात्र एकजण म्हणाले, "सुखान्त आहे, मन भरून येतं." मग ग्रंथपाल बाईंनी घंटी वाजवली. "आता उलटी खुर्ची."

मावशी उठल्या. चपला काढल्या, का काढल्या त्यांनाही कळलं नाही, आणि अनवाणी जाऊन बसल्या. मागे लोकांची कुजबुज ऐकू येत होती आणि दिसत होता एकच चेहरा. सगळ्या शहरात एकच चेहरा समोर, आणि तोही सुनेचा.

"पहिली गोष्ट," मावशी म्हणाल्या. आवाज बरा निघाला. "पात्रं फार आहेत. शाळेच्या स्वयंपाकघरातच इतकी माणसं, की जेवायला पोरं बसायची कुठे?"

मागून हसू आलं. सुनेच्या ओठांचा कोपरा हलला.

"दुसरी गोष्ट. पाऊस. ज्या पानावर बघावं तिथे पाऊस. माझे कपडे वाळले नाहीत हे पुस्तक वाचताना."

मोठं हसू. डॉक्टरांचा ठसका ऐकू आला. सुनेच्या खांद्यातला ताण उतरला. मावशींनी तो उतरताना पाहिला. खांदे खाली आले, बोटं सुटी झाली, आणि तोंडावर आलं ते सुटल्याचं समाधान. आई गोड बोलतायत, चला, पार पडलं. आणि त्याच समाधानाने मावशींचा घात केला. ही पोरगी म्हणाली होती, गोड बोललात तर मला आधी कळेल. कळलं होतं तिला. आणि तिला ते चाललं होतं! इतकी घाबरलीय कशाला ही?

"आणि तिसरी," मावशी म्हणाल्या. इथे थांबायला हवं होतं. "शेवट."

सुनेची बोटं पुन्हा एकमेकांत अडकली.

"ही बाई परत जात नाही. बसमध्ये चढूच शकत नाही. तिचे पाय त्या शाळेत रुतलेत, सगळं पुस्तक तेच सांगतंय, आणि शेवटच्या पानावर कुणीतरी तिला दंडाला धरून बसमध्ये चढवलंय. शिवण दुसऱ्या हाताची आहे. हे हिचं नाही. कुणीतरी हिच्या हातातून पेन काढून घेतलंय. घरातलंच कुणीतरी."

घंटी वाजली. एकदा नाही, ग्रंथपाल बाईंनी ती तीनदा वाजवली.

"मावशी! पुस्तकाबद्दल."

मागची कुजबुज आधी थांबली आणि मग एकदम वाढली. मावशींना मागचं दिसत नव्हतं. लोक तिसऱ्या रांगेकडे वळून बघतायत, वर्कशॉपमधला एकजण मुलाच्या पाठीवर थाप मारून "काय रे, पेनचोर!" म्हणतोय, मुलाचा चेहरा कानापर्यंत लाल झालाय, यातलं त्यांना काहीही दिसत नव्हतं. त्यांना दिसत होता सुनेचा चेहरा, आणि त्यावर राग नव्हता, रडू नव्हतं. तिथे होतं आश्चर्य. जणू कुणी भलत्याच दारावर थाप मारलीय.

नियमाप्रमाणे आता तिने "ऐकलं" म्हणायचं होतं. ती म्हणेना. डॉक्टरांनी घसा साफ केला. छापखानेवाल्या काकांनी कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली. सून मावशींच्या डोक्यावरून तिसऱ्या रांगेकडे बघत होती. मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला, पावलं वाजली, सभागृहाचं दार उघडून बंद झालं.

"ऐकलं," सून म्हणाली. इतक्या हळू, की पहिल्या रांगेलाही ऐकू आलं नसेल.

मावशी वळल्या तेव्हा तिसऱ्या रांगेत एक जागा रिकामी होती.

पायऱ्यांवर छापखानेवाले काका गाठ पडले. "मावशी, छापू की थांबू? माझं मशीन उद्या सकाळी मोकळं आहे, नंतर पंधरा दिवस नाही."

"मला काय विचारता? तिला विचारा."

"तिला विचारलं. ती म्हणाली, घरी जाऊन सांगते."

दोघी घरी निघाल्या. कुत्रं कवितेपाशीच झोपलं होतं, फक्त आता कविता वाचणारा कुणी दुसराच पोरगा होता. मावशी मनात नाव घेत चालल्या होत्या आणि मध्येच विसरत होत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. देवा, मी सत्य बोलले की फक्त बोलले?

मुलगा घरात होता. टेबलापाशी, शर्टाची वरची बटणं सोडून. उठला नाही.

"आई, मी कुणाच्या हातातून काय काढलं?"

मावशी दारातच उभ्या राहिल्या. "तू जेवताना म्हणाला होतास ना..."

"मी थट्टा केली होती! मी शेवट अजून वाचलेलाच नाही. अर्ध्यापर्यंत आलोय. रोज चार पानं वाचून मला झोप लागते, ते तुला सांगायची लाज वाटत होती, म्हणून तुला म्हटलं मला काय कळतंय." त्याचा आवाज चढला. "तिथे सगळे माझ्याकडे बघत होते. सगळे! उद्या मी कामावर जाऊन काय सांगू? लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला बाहेर काढतो मी, आई. मी कुणाला कोंडत नाही."

मावशींनी सुनेकडे बघितलं.

"मग कोण? तू म्हणालीस लोकांना बरं वाटेल..."

"तुम्ही," सून म्हणाली.

मुलगा आईकडून तिच्याकडे बघायला लागला.

"आई, तो शेवट मी तुम्हाला वाचून दाखवला, तेव्हा तुम्ही उठून गेलात. काहीच न बोलता. तुम्ही! ज्या बाईने पावसालासुद्धा सोडलं नाही. मला वाटलं, लागलं. बाई नवऱ्याला सोडून जाते, तुमच्या मुलासारख्याच बऱ्या माणसाला, आणि मी तेच तुमच्या दुकानात बसून वाचतेय. तुम्ही आत जाऊन देवापाशी बसलात. मी पडद्याआडून पाहिलं. मला वाटलं, घरावरचं संकट टळावं म्हणून मागताय." ती टेबलाच्या कडेला टेकली. "म्हणून बदलला. आणि खुर्चीत तुम्हालाच बसवलं, कारण मला वाटलं, तुम्हाला चालला तर मलाही चालेल."

मावशी हळूच खुर्चीवर टेकल्या. त्यांच्या लक्षात आलं की सभागृहातून येताना चपला तिथेच राहिल्या.

"पोरी," त्या म्हणाल्या, "मी देवाला काय मागितलं माहितेय? बस निघून गेली होती. ती एकटी रस्त्यावर उभी होती. मी म्हटलं, देवा, आता हिला मागे वळून बघू देऊ नकोस. हिला खोलीपर्यंत नीट पोचव. एवढंच. पुस्तकातल्या बाईसाठी प्रार्थना करतात का कुणी? मी केली. आणि तुला सांगायची लाज वाटली."

सुनेने तोंडावर हात घेतला आणि ती हसतेय की रडतेय ते मुलालाही कळेना. तिला धरावं की नको, म्हणून तो अर्धवट उठून उभा राहिला.

"थांबा, थांबा," तो म्हणाला. "म्हणजे आईला वाटलं मी बदललं, हिला वाटलं आईला नको होतं, आणि मी बिचारा अर्ध्यावर. तिघांनी एकदा तोंड उघडलं असतं तर मी आज सभागृहात पेनचोर झालो नसतो."

"चुकलं माझं," मावशी म्हणाल्या. "सगळ्यांच्या समोर चुकले, तर सगळ्यांच्या समोरच सांगेन. पुढच्या महिन्यात खुर्ची सरळ करून बसते आणि सांगते."

"नको! आणखी एक सभा नको माझ्यावर." पण आवाज उतरला होता. तो पुन्हा बसला. थोडा वेळ टेबलावर बोट फिरवत राहिला. बाहेर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला, थांबला. मग त्याने बायकोकडे न बघता विचारलं, "ती बाई जाते. तिचा नवरा वाईट असतो का?"

"नाही."

"मारतो?"

"नाही रे. चांगला असतो."

"मग का जाते?"

मावशींना वाटलं, आता पडली ठिणगी. हाच तो प्रश्न, ज्याची भीती या घरात कुणी तोंडातून बाहेर काढली नव्हती. मुलाने मान वर केली. त्याच्या तोंडावर राग नव्हता, पण तो मस्करीही करत नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं.

"मला नक्की माहीत नाही," सून शेवटी म्हणाली. "पहिल्या शेवटातही मी ते लिहिलं नाही. बस गेली की लिहायचं थांबले. बटण शिवलं, चहा दिला, पण त्याने हा प्रश्न विचारलाच नाही तिला. मी त्याला विचारूच दिलं नाही."

"मग विचारू दे ना," तो म्हणाला. "इतक्या लांब बसने आलाय बिचारा. चहा पिऊन गप जाईल होय? मी असतो तर विचारलं असतं."

"आणि तिने काय सांगायचं?"

"ते मला काय विचारतेस? पेन तुझ्या हातात आहे." तो आईकडे वळला. "आहे ना, आई? बघून घे एकदा. उद्या माझं नाव नको."

मावशींनी कपाळाला हात लावला. फोन वाजला. छापखानेवाले काका. सुनेने उचलला, दोघांकडे बघितलं, आणि म्हणाली, "काका, मशीन दुसऱ्याला द्या. पंधरा दिवस चालतील मला. नाही, कुणी अडवलं नाही. उलट, आत्ताच एकाने प्रश्न विचारलाय, आणि त्याचं उत्तर मला अजून येत नाही."